वॉर्डात सुचतं ते स्क्रीनवर का सुचत नाही?

पत्र असं आहे:

"मॅडम, मी धनकवडीला राहते. जीएनएम केलं, नंतर पोस्ट बेसिक बीएस्सी. सहा वर्षं एका खासगी हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डला आहे. अमेरिकेला जायचंय म्हणून तिथल्या नर्सच्या परवान्याच्या परीक्षेची, एनक्लेक्स-आरएनची, तयारी चालू आहे. ड्यूटी नसेल तेव्हा नवी पेठेतल्या अभ्यासिकेत जाऊन बसते. जाड पुस्तक दोनदा वाचलं, नॉर्मल व्हॅल्यूज तोंडपाठ आहेत. तरी प्रश्नसंचात पन्नास-पंचावन्न टक्क्यांच्या वर गाडी जात नाही. चारपैकी दोन पर्याय लगेच उडतात आणि उरलेल्या दोनांतला नेमका चुकीचा मी धरते. केस स्टडी आली की घामच फुटतो. वॉर्डात पेशंट बिघडायला लागला की मला आधी कळतं, असं आमच्या इनचार्ज सिस्टरपण म्हणतात. मग स्क्रीनवर का कळत नाही? पुस्तक परत पहिल्यापासून वाचू का? नोकरी सोडून अभ्यासाला बसू का? परीक्षा तीन महिन्यांवर आली आहे."

पुस्तक परत पहिल्यापासून वाचू नकोस. तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटेल, खूप झालं असंही वाटेल आणि मार्क मात्र तिथेच राहतील. दोन पर्याय तू लगेच उडवतेस याचा अर्थ ज्ञान बऱ्यापैकी जागेवर आहे. घोळ त्याच्या पुढच्या पायरीवर होतोय.

आधी त्या पन्नास टक्क्यांचं बघू. एनक्लेक्सचा संगणक तुझ्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न निवडतो. बरोबर आलं की पुढचा थोडा अवघड, चुकलं की थोडा सोपा. हेतूच असा असतो की समोरचा प्रश्न तुला सुटण्याची शक्यता साधारण निम्मी असावी. त्यामुळे पास होणाऱ्या मुलीलाही आत बसल्यावर आपण नापास होतोय असंच वाटत राहतं. प्रश्न कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५०, वेळ ५ तास. त्यातले १५ प्रश्न नुसते चाचणीसाठी असतात, त्यांचे गुण धरत नाहीत, पण ते कोणते हे तुला कळत नाही. ८५ ला स्क्रीन बंद झाली म्हणजे पास किंवा नापास, असलं काहीही त्यावरून ठरत नाही. प्रश्नसंचातली टक्केवारी ही वेगळीच गोष्ट आहे, कारण प्रत्येक संचाची काठिण्यपातळी निराळी. पंचावन्न टक्के बघून रडत बसायचं कारण नाही. ते पंचेचाळीस टक्के कशामुळे चुकले, तेवढं बघायचं.

अभ्यासिकेचं तू लिहिलंस ते वाचून मला जरा हसू आलं. तुझ्या आजूबाजूला एमपीएससीची मुलं बसलेली असणार. कलम क्रमांक, नद्यांच्या उपनद्या, समित्या आणि त्यांची वर्षं. त्यांच्या परीक्षेला ती घोकंपट्टी लागते आणि ती मुलं मान मोडून करतात. पण त्या हवेत बसून तुझाही अभ्यास तसाच व्हायला लागलाय असं मला पत्रावरून वाटतं. 'नॉर्मल व्हॅल्यूज तोंडपाठ' हे तू मोठ्या अभिमानाने लिहिलं आहेस. पोटॅशियम ३.५ ते ५ हे पाठ असणं चांगलंच. पण प्रश्न येतो तो असा: डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) आणि फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं) दोन्ही चालू असलेल्या बाईचं पोटॅशियम ३.१ आलंय, तिला मळमळतंय, दिवे पिवळट दिसतायत. आता तू आधी काय करशील? इथे आकडा नुसता आठवून भागत नाही. पोटॅशियम कमी झालं की डिगॉक्सिनची विषबाधा लवकर होते, फ्युरोसेमाइड पोटॅशियम बाहेर काढतं, पिवळं दिसणं हे त्या विषबाधेचं लक्षण. हे तीन धागे एकत्र आले की हातातली डिगॉक्सिनची गोळी बाजूला ठेवायची, छातीला स्टेथोस्कोप लावून पूर्ण मिनिटभर ठोके मोजायचे, आणि मग कळवायचं.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते.

आपल्याकडे वॉर्डात सिस्टर खूप काही करते, पण ते तिच्या नावावर लिहिलं जात नाही. तूच आठवून बघ. रात्री दोन वाजता ऑपरेशनच्या पेशंटची लघवीची पिशवी दोन तास तशीच रिकामी आहे. तू आरएमओला, म्हणजे ड्यूटीवरच्या डॉक्टरांना, फोन लावतेस का? आधी चादर वर करतेस, नळी पायाखाली दबली आहे का बघतेस, पिशवी मूत्राशयाच्या खाली लटकते आहे ना बघतेस, ओटीपोटावर हात ठेवून फुगलंय का चाचपतेस. हे सगळं अर्ध्या मिनिटात होतं. नंतर नोट्समध्ये लिहितेस काय? 'युरिन आउटपुट कमी, डॉक्टरांना कळवले.' मधलं अर्ध मिनिट कागदावर येतच नाही. वर्षानुवर्षं असं लिहून लिहून, 'आधी काय कराल' असा प्रश्न दिसला की तुझा हात 'डॉक्टरांना कळवा' या पर्यायावर जातो. चादर उचलणारी सिस्टर आणि माउस धरणारी सिस्टर एकच आहे, पण दुसरीला वाटतं की आपल्याला फक्त कळवायचा अधिकार आहे.

एनक्लेक्सला ते मधलं अर्ध मिनिटच हवं आहे. उरलेल्या दोन पर्यायांत तू चुकतेस ते बहुधा इथेच. एक पर्याय 'कळवा' असतो आणि दुसरा 'नळी तपासा'. रक्त चढवताना दहा मिनिटांत पेशंट थंडीने कुडकुडायला लागला, कंबर दुखते म्हणाला, तर वॉर्डात तुझा हात आधी क्लॅम्पवर जातो. मग परीक्षेतही तेच उत्तर: रक्त बंद. नंतर ती नळी काढून नव्या सेटने नॉर्मल सलाइन, मग डॉक्टर, मग पिशवी आणि सेट ब्लड बँकेकडे. मॉर्फिननंतर पेशंट हाका मारून उठत नाही, श्वास मिनिटाला ८ आहेत, तर आधी त्याला हलवून जागं करणं, श्वासमार्ग, ऑक्सिजन, मॉर्फिनचा उतारा असलेलं नालोक्सोन प्रोटोकॉलप्रमाणे.

याचा अर्थ 'कळवा' हे उत्तर नेहमी चूक, असा नियम करून घेऊ नकोस. काही क्लासेसमध्ये तो सुभाषितासारखा शिकवतात. प्रश्नातच सगळी तपासणी होऊन गेली असेल, तुझ्या हातात असलेलं करून झालं असेल आणि पुढचं पाऊल ऑर्डरशिवाय पडत नसेल, तर फोनच बरोबर. ऑपरेशनच्या सकाळी बाई म्हणाली, "पोटात नक्की काय काढणार हे मला कुणी सांगितलंच नाही," आणि संमतीपत्रावर सही राहिली आहे. इथे तू स्वतः ऑपरेशन समजावून सांगायला बसायचं नाही. सर्जनला बोलवायचं. संमतीसाठी समजावणं त्यांचं काम, तू सहीची साक्षीदार.

आता केस स्टडी. १ एप्रिल २०२३ पासून एनक्लेक्सचं जे नवं रूप आलं त्यात प्रत्येकीला निदान तीन केस स्टडी येतातच, प्रत्येकीत सहा प्रश्न. म्हणजे किमान परीक्षेतले १८ प्रश्न झाले. ते सहा प्रश्न कसेही येत नाहीत, त्यांना क्रम आहे: खुणा टिपणं, त्यांचा अर्थ लावणं, कोणती शक्यता सगळ्यात आधी धरायची ते ठरवणं, उपाय मांडणं, कृती, आणि शेवटी परिणाम झाला का ते बघणं. परीक्षा घेणारी एनसीएसबीएन, म्हणजे अमेरिकेतल्या राज्यांच्या नर्सिंग बोर्डांची परिषद, याला क्लिनिकल जजमेंटचं मॉडेल म्हणते. तू हे नाइटला रोज करतेस. खोटं वाटत असेल तर एक केस घेऊ. मीच रचली आहे, पण तुझ्याच वॉर्डातली समज.

बासष्ट वर्षांचे काका, मधुमेह, ब्लडप्रेशरची गोळी चालू. मोठ्या आतड्याचा तुकडा काढून जोड दिलेला, आज पाचवा दिवस. वजन ७० किलो. रात्री दहाला नाडी ८८, बीपी १३२/८०, श्वास १८, ताप ९९, ऑक्सिजन ९७. दोनला नाडी ११८, बीपी ९८/५८, श्वास २६, ताप १०१.४, ऑक्सिजन ९३. दोन तासांत लघवी ४० मिली. शुगर २१८. हिमोग्लोबिन ११.२, कालच्याइतकंच. पोट फुगलेलं, हात लावू देत नाहीत. ड्रेसिंग कोरडं. चिकटपट्टीखाली खाज सुटते म्हणतात. संध्याकाळी पेज अर्धीच घेतली. शेजारी झोपलेली मुलगी म्हणते, "सिस्टर, बाबा काहीतरी वेगळंच बोलतायत. मला आत्याच्या नावाने हाक मारली."

पहिला प्रश्न विचारतो, यातल्या कोणत्या गोष्टींची तू ताबडतोब दखल घेशील. खाज आणि अर्धी पेज इथे लक्ष विचलित करायला ठेवली आहे. नाडी, बीपी, श्वास, ताप सगळ्यांना दिसतं. परीक्षेत मुली सोडतात ते काकांच्या मुलीचं वाक्य आणि लघवीचा आकडा. नातेवाइकाचं म्हणणं म्हणून ते वाक्य बाजूला पडतं. पण बदललेलं भान ही या कागदावरची सगळ्यात बोलकी खूण असू शकते, आणि ती देणारी व्यक्ती पेशंटला चाळीस वर्षं ओळखते. लघवीचं गणित करायला हवं: तासाला किलोमागे अर्धा मिली, म्हणजे ७० किलोला तासाला ३५. इथे पडतेय २०. मूत्रपिंडाला रक्त पुरत नाहीये. आणखी एक: दहाचे आकडे आणि दोनचे आकडे शेजारी ठेव. ९८/५८ हे बीपी एखाद्या बारीक मुलीचं रोजचंच असेल. या काकांचं चार तासांपूर्वी १३२ होतं. केसमध्ये वेळेचे दोन-तीन टॅब दिलेले असतात ते याचसाठी, आणि घाईत शेवटचाच टॅब वाचला जातो.

दुसरा आणि तिसरा प्रश्न म्हणजे शक्यता. रक्तस्राव? मग हिमोग्लोबिन घसरेल असं वाटतं, पण ताज्या रक्तस्रावात ते लगेच घसरत नाही, म्हणून एवढ्यावरून ती शक्यता पुसता येत नाही. ताप आणि दुखणारं कडक पोट मात्र त्याच्याशी जुळत नाही. फुप्फुसात गुठळी? ती बहुधा एकदम येते, छातीत दुखतं, धाप लागते, पोट असं होत नाही. साखर उतरल्यामुळे बडबड? २१८ आहे, तो मुद्दा तिथेच संपला. आतड्याचा जोड सुटून पोटात संसर्ग आणि त्यातून सेप्सिस (संसर्गामुळे सगळं शरीर ढासळणं), ही एकच शक्यता सगळ्या खुणांना पुरून उरते. हे 'पुरून उरणं' महत्त्वाचं. दोन खुणांना जुळणारी शक्यता आणि सात खुणांना जुळणारी शक्यता यात सात वाली आधी.

चौथ्या प्रश्नात उपाय येतात, आणि सोबत काय करू नये तेही. ऑक्सिजन, मोठ्या सुईची चालू शीर, लॅक्टेटची रक्ततपासणी, अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर पण कल्चरसाठी अँटिबायोटिक तासभर अडवायचं नाही, किलोमागे ३० मिली सलाइन म्हणजे इथे २१०० मिली, तोंडाने काहीही बंद. करू नये त्यात: पॅरासिटामॉल देऊन सकाळच्या राउंडची वाट बघणं, बडबडतात म्हणून झोपेचं इंजेक्शन, पोट फुगलं म्हणून एनिमा, आणि सकाळची बीपीची गोळी सवयीने देऊन टाकणं. एनिमाचा पर्याय दिसला की काहीजणींना तो बरा वाटतो. जोड सुटलेल्या आतड्यात एनिमा!

पाचवा प्रश्न: पहिल्यांदा काय? ९३ ऑक्सिजनला मास्क आणि लगोलग सर्जनला फोन. हा फोन इथे बरोबर आहे, कारण तुझी तपासणी पूर्ण झाली आहे आणि पुढचं सगळं ऑर्डरवर आहे. फोनवर 'पेशंटला बरं नाहीये' असं म्हणू नकोस. दहाचे आकडे, दोनचे आकडे, पोट, भान, लघवी, मला सेप्सिसची शंका आहे, कल्चर आणि फ्लुइडची ऑर्डर हवी आणि तुम्ही आत्ता यायला हवं. सहावा प्रश्न तासाभराने येतो: काय सुधारलं तर उपाय लागू पडला म्हणायचं? मीन प्रेशर (बीपीची सरासरी) ६५ च्या वर टिकलं, लघवी तासाला ३५ च्या वर गेली, लॅक्टेट उतरलं, मुलीला मुलीच्याच नावाने हाक मारली. शुगर थोडी उतरली हा पर्याय मोहात पाडतो, पण तुम्ही ज्या गोष्टीसाठी धावपळ केली तिचं ते मोजमाप नाही.

एवढं लांब लिहिलं कारण ही एक केस अशी अर्धा तास घेऊन उलगडणं हे घाईत सोडवलेल्या पन्नास प्रश्नांपेक्षा जास्त देतं असं माझं ठाम मत आहे.

प्राधान्याच्या सुट्या प्रश्नांबद्दल थोडं. चार पेशंट दिलेत, आधी कुणाकडे जाशील? सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) जुन्या आजोबांचं ऑक्सिजन ९० आहे. दम्याच्या मुलाची शिट्टीसारखी घरघर आता ऐकू येत नाही आणि तो पेंगुळला आहे. आकडा बघून आजोबांकडे धावणाऱ्या खूप. आजोबांचं ९० त्यांच्यासाठी अपेक्षितच आहे, त्यांचं लक्ष्यच ८८ ते ९२ असतं. दम्याच्या मुलाची घरघर थांबली म्हणजे बरं वाटलं असं नाही. हवाच आत-बाहेर होत नाहीये. अपेक्षित की अनपेक्षित, जुनं की ताजं, स्थिर की ढासळतंय, एवढं स्वतःला विचारून मग श्वासमार्ग-श्वास-रक्ताभिसरण, म्हणजे एबीसी, लाव. नुसतं एबीसी लावलं की आजोबांच्या कॉटपाशीच जाऊन उभी राहशील.

मग ज्या गोष्टी तिथल्या आणि इथल्या मुळातच वेगळ्या, तिथे वॉर्डातला अनुभव तुझी दिशाभूल करेल. कामाच्या वाटपाचे प्रश्न बघ. आपल्याकडे मावशी, मामा, नातेवाईक, एएनएम, विद्यार्थिनी, सगळे मिळून वॉर्ड चालवतात आणि कुणी काय करायचं हे त्या दिवशी कोण आलंय यावर ठरतं. परीक्षेतल्या हॉस्पिटलात तीन पायऱ्या असतात. मदतनीस: स्थिर पेशंटची आंघोळ, चालवणं, टीपीआर (ताप, नाडी, श्वास), इनटेक-आउटपुट, गिळायला त्रास नसलेल्याला भरवणं. एलपीएन, म्हणजे आरएनच्या खालच्या पायरीची परवानाधारक नर्स: ज्याचं पुढे काय होणार याचा अंदाज आहे अशा पेशंटच्या तोंडाच्या गोळ्या, ड्रेसिंग. आणि आरएन, नोंदणीकृत नर्स, म्हणजे तू: पहिली तपासणी, शिकवणं, परिणाम ठरवणं, अस्थिर पेशंट, रक्त चढवणं. लकवा झालेल्या आजींना भरवायला मावशींना पाठवायचं नाही, मग त्या मावशी वीस वर्षांच्या अनुभवी का असेनात.

दुसरं म्हणजे बोलणं. "काही होत नाही आजी, डॉक्टर आहेत ना, काळजी करू नका." दिवसातून चाळीस वेळा म्हणतो आपण हे, आणि मायेनेच म्हणतो. परीक्षेत हे उत्तर हमखास चूक. पेशंट म्हणाला, "मी यातून उठत नाही आता," तर तिथे अपेक्षित असतं की तू त्याला बोलू द्यावंस: कशाची भीती सगळ्यात जास्त वाटते? 'असं का वाटतं तुम्हाला' हेही चालत नाही, त्याने माणूस जाब विचारल्यासारखा आक्रसतो. आणि मुलगा बाहेर गाठून म्हणाला, "आईला कॅन्सर आहे हे सांगू नका," तर आपल्याकडे अर्धा वॉर्ड मान डोलावतो. तिथे आईचा आजार आईचा. पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेबद्दलच्या १९९६ च्या हिपा कायद्याप्रमाणे तर पेशंटच्या परवानगीशिवाय मुलालाही माहिती द्यायची नाही, फोनवर तर नाहीच. मला स्वतःला आपली पद्धत सगळीच वाईट वाटत नाही, पण तो वाद परीक्षेच्या हॉलमध्ये घालायचा नाही.

संसर्गाचंही तसंच. जागेअभावी इथे कोण कुणाशेजारी झोपतं ते विसरून जा. टीबी, गोवर, कांजिण्या: वेगळी निगेटिव्ह प्रेशरची खोली, एन-९५. फ्लू, डांग्या खोकला, मेनिंगोकॉकल मेंदूज्वर: साधा मास्क, ड्रॉपलेट. सी. डिफ या जिवाणूचा जुलाब: गाऊन, हातमोजे, आणि हात साबण-पाण्यानेच, सॅनिटायझरने त्याचे बीजाणू मरत नाहीत.

औषधांची नावं एका कागदावर लिहून अभ्यासिकेच्या टेबलाला चिकटव. आपलं पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन, ॲड्रेनलिन म्हणजे एपिनेफ्रिन, साल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, पेथिडिन म्हणजे मेपेरिडिन, लिग्नोकेन म्हणजे लिडोकेन. ब्रँडच्या नावांनी बोलायची वॉर्डातली सवय सोड, परीक्षेत मूळ नावच येतं.

आता रोज काय करायचं. एक वही कर, पण त्यात बरोबर उत्तरं उतरवू नकोस. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर एकच गोष्ट लिहायची: का चुकलं. माहिती नव्हती, की प्रश्न वाचताना घसरले ('कोणत्या वाक्यावरून पेशंटला अजून शिकवायला हवं असं वाटतं' असं विचारलेलं असतं आणि आपण शहाणं वाक्य निवडतो), की माहीत होतं आणि प्राधान्य चुकलं. पंधरा दिवसांनी मोज. माझा अंदाज आहे की तिसरा ढीग सगळ्यात मोठा निघेल, आणि मग तुला कळेल की जाड पुस्तक का उपयोगी पडत नव्हतं. माहितीचा ढीग मोठा निघाला तर तेवढेच धडे उघड. बरोबर आलेल्या प्रश्नांचंही स्पष्टीकरण वाच. अंदाजाने आलेलं बरोबर उत्तर पुढच्या वेळी फसवतं.

दुसरी वही ड्यूटीची. घरी आल्यावर, चहा झाल्यावर, त्या दिवसाचा एकच पेशंट घे आणि त्याच सहा पायऱ्यांनी लिही. काय दिसलं, काय वाटलं, दुसरं काय असू शकलं असतं, काय केलं, काय झालं. नाव नाही, बेड नंबर नाही, फाइलचा फोटो तर अजिबात नाही. आणि हे लिहिताना 'डॉक्टरांना कळवले' हे वाक्य स्वतःला वापरू द्यायचं नाही. कळवण्याच्या आधीचं लिहायचं. एक सावधगिरी: वहीत धाडस वाढलं म्हणून वॉर्डात ऑर्डरशिवाय औषधं चालू करायची नाहीत. तू अजून इथल्या नियमांत काम करतेस.

गुणांचा हिशेब माहीत असू दे. 'लागू असतील ते सगळे निवडा' या प्रश्नात बरोबर निवडीला अधिक एक, चुकीच्या निवडीला वजा एक, शून्याच्या खाली जात नाही. म्हणजे सगळ्यांवर टिचक्या मारणं अंगाशी येतं. जिथे खात्री आहे तेवढेच घे. 'कोणतेही तीन निवडा' असं असेल तर वजाबाकी नसते, तिथे तीन पुरे कर. बो-टायच्या (मधे एक आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन रकाने अशा मांडणीच्या) प्रश्नात मधली अवस्था आधी ठरव, मग डावीकडच्या दोन कृती आणि उजवीकडे लक्ष ठेवायच्या दोन गोष्टी आपोआप लागतात. मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, तेव्हा गेलेल्या उत्तरावर झुरत बसू नकोस.

नोकरी सोडू नकोस. घरचं उत्पन्न हे कारण आहेच, पण तुझ्याकडे जे भांडवल आहे ते वॉर्डातून येतं. इनचार्ज सिस्टर तुझं कौतुक करतात, तर त्यांच्याशी बोलून शेवटच्या महिन्यात नाइट कमी करून घे, बदल्यात दिवाळीच्या ड्यूट्या कबूल कर. नाइट करून सकाळी अभ्यासिकेत डोळे ताणत केलेले शंभर प्रश्न कुठल्याच वहीत येत नाहीत.

टेलिग्रामवर 'कालच्या परीक्षेतले प्रश्न' विकणारे भेटतील, कदाचित भेटलेही असतील. परीक्षेचे प्रश्न बाहेर न सांगण्याचा करार प्रत्येक उमेदवार करते, आणि तो मोडल्यास निकाल रद्द होऊ शकतो. शिवाय संगणक प्रत्येकीला वेगळे प्रश्न देतो, त्यामुळे पैसे वाया जातात ते वेगळंच. नापास झालीस तर ४५ दिवसांनी परत बसता येतं. त्यासाठी असल्या वाटेने जायची गरज नाही.

मुंबईचं सेंटर घेतलं असशील तर आदल्या दिवशी दुपारीच निघ. नाइट उतरून पहाटेची गाडी पकडून परीक्षेला बसणाऱ्या मुली मला माहीत आहेत, पाचव्या तासाला त्यांना प्रश्न दिसेनासा होतो. आणि भारतातल्या सेंटरवर ओळखपत्र म्हणून फक्त पासपोर्ट चालतो. त्यावरचं नाव आणि परीक्षेच्या परवानगीपत्रावरचं नाव जुळलंच पाहिजे. आपल्याकडे कौन्सिलचं रजिस्ट्रेशन माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने, असं सर्रास असतं. तुझं लग्न झालंय की नाही ते तू लिहिलं नाहीस, पण झालं असेल तर दोन्ही कागद आजच शेजारी ठेवून बघ. दुरुस्तीला आठवडे लागतात आणि तुझ्याकडे तीनच महिने आहेत.